कुंडीतील फळझाडांचा हिवाळा

प्रश्न : आमच्या भागात हिवाळ्यात तापमान उणे १५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते. अंजीर, डाळिंब आणि लिंबू ही झाडे मी मोठ्या कुंड्यांत लावली आहेत. गेल्या हिवाळ्यात ती दिवाणखान्यात खिडकीजवळ ठेवली होती. अंजिराला भर थंडीत फिकट, लांबट फुटवे आले आणि लिंबाची बहुतेक पाने गळली. घरात पुरेशी ऊब असूनही असे का झाले?

उत्तर : ऊब होती, पण तिच्या जोडीला लागणारा उजेड नव्हता आणि झाडांची हानी मुख्यतः त्यामुळे झाली. तिन्ही झाडांना एकच जागा देणेही योग्य नव्हते, कारण अंजीर व डाळिंब पानझडी आहेत आणि लिंबू सदाहरित आहे.

पानझडी झाड पाने गाळून सुप्तावस्थेत जाते आणि मग त्याला उजेड लागत नाही. म्हणून अंजीर व डाळिंब अंधाऱ्या तळघरात किंवा न तापवलेल्या गॅरेजमध्ये, ० ते ७ अंशांच्या दरम्यान, निर्धास्त ठेवावेत. महिन्यातून एखाद्या वेळी, माती अगदी कोरडी पडू नये एवढेच पाणी द्यावे. सुप्त झाडाच्या मुळाशी पाणी साचले तर मुळे कुजतात. उबदार खोलीत मात्र डोळे (फांदीवरचे अंकुर) वेळेआधी फुटतात आणि अपुऱ्या उजेडात वाढणारे फुटवे खोडात साठवलेले अन्न संपवून टाकतात. शरद ऋतूत ही झाडे आत आणण्याची घाई करू नये. पाने गळेपर्यंत त्यांना बाहेरचा गारवा सोसू द्यावा. कडाक्याची थंडी पडण्यापूर्वी मात्र ती आत घ्यायलाच हवीत, कारण जमिनीतील मुळांना भोवतालच्या मातीचे संरक्षण असते, तर कुंडीत थंडी चहूबाजूंनी शिरते.

लिंबाची गोष्ट निराळी आहे. त्याची पाने हिवाळाभर टिकतात, म्हणून उजेड हवाच. साधारण १३ अंशांखाली त्याची वाढ जवळजवळ थांबते आणि मुळांचे कामही मंदावते. अशा वेळी कुंडी गार फरशीवर आणि पाने काचेतून येणाऱ्या उन्हात असली, तर पानांतून पाणी उडत राहते, पण मुळे ते भरून काढू शकत नाहीत आणि झाड पाने टाकते. माझ्या मते लिंबासाठी ७ ते १२ अंशांची, भरपूर उजेडाची खोली सर्वांत चांगली. कुंडीखाली लाकडी फळी किंवा थर्माकोल ठेवावा आणि वरची दोन बोटे माती कोरडी झाल्यावरच पाणी द्यावे. उबदार खोलीशिवाय इलाज नसेल, तर झाडांसाठीचा दिवा लावावा. हीटरच्या कोरड्या हवेत लाल कोळी ही कीड लवकर वाढते: पानांवर बारीक फिकट ठिपके दिसतात आणि पान उलटून पाहिल्यास खाली तलम जाळे आढळते. झाड आत आणतानाच पानांची खालची बाजू पाण्याने नीट धुतली, तर पुढचा बराच त्रास टळतो.

वसंतात झाडे एकदम उन्हात नेऊ नयेत. आठ-दहा दिवस आधी सावलीत, मग थोड्या थोड्या उन्हात ठेवावीत. आपले अंजीर वाळल्यासारखे दिसत असेल, तर नखाने फांदीची साल किंचित खरवडून पाहावी. आत हिरवा, ओलसर थर दिसला तर फांदी जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडे दिसले तर हिरवा थर लागेपर्यंत खाली खाली तपासत जावे आणि तिथे छाटणी करावी.

प्रश्न : माझे अंजीर जमिनीतच लावलेले आहे. प्लास्टिकने गुंडाळले तर चालेल का?

उत्तर : प्लास्टिक टाळावे. त्यात दमट हवा कोंडते आणि उन्हात आतले तापमान वाढून डोळे अवेळी फुटू शकतात. बुंध्याभोवती मातीचा व सुक्या पानांचा जाड ढीग करून फांद्यांना हवा खेळती ठेवणारे जाड कापड गुंडाळावे. फांद्या गोठून मेल्या तरी ढिगाखालचा बुंधा वाचल्यास वसंतात नवे फुटवे येतात, आणि उन्हाळा पुरेसा लांब असेल तर अनेक जातींत त्याच फुटव्यांवर फळे पिकतात. ढीग मात्र शेवटचे कडक दंव पडून गेल्याशिवाय काढू नये.