आरपार नव्हे, कवडसा

प्रश्न असा आला आहे: 'विमानातून सोडलेले लेझर किरण घनदाट जंगलाच्या आरपार जातात' असं बातम्यांत छापून येतं, ते मराठी म्हणून बरोबर आहे का? शिवाय इंग्रजी 'कॅनपी'ला, म्हणजे झाडांच्या शेंड्यांच्या मिळून झालेल्या पर्णसंभाराला, 'छत' म्हणून 'कॅनपी हाइट मॉडेल'चं 'छत-उंची प्रतिमान' करावं का?

'आरपार' चूक. मराठी म्हणून चूक आणि भौतिकी म्हणूनही चूक. आरपार जायचं तर मधल्या वस्तूला छेदून पलीकडे निघावं लागतं. सुई कापडाच्या आरपार जाते, गोळी फळीच्या आरपार जाते. बातमीतली मोजणी म्हणजे 'लायडर': विमानातून लेझरचा झोत सोडायचा आणि तो परतायला लागलेल्या वेळावरून अंतर काढायचं. त्यातला किरण पानाला छेदत नाही. दोन पानांमधली फट मिळाली तर तो खाली उतरतो, नाही मिळाली तर तिथेच थबकून परततो. इथे कुणी जाणकार हटकतील की या कामातले बरेच लेझर 1064 नॅनोमीटरचे, म्हणजे अवरक्त असतात आणि हिरवं पान त्या प्रकाशातला बराच वाटा पलीकडे जाऊ देतं. जाऊ देतं हे खरं, पण दुधी काचेसारखं, चहूकडे विखरून. तो प्रकाश सरळ रेषेत पुढे जात नाही, त्यामुळे अंतर मोजायला निरुपयोगी. आरपार तरीही नाहीच.

'लायडर' या शब्दाची फोड करत बसत नाही. लाइट आणि रडार यांची ती सांधण आहे हे कुणीही सांगेल. मजा आहे ती 'कॅनपी'त. ग्रीक भाषेत 'कोनोप्स' म्हणजे डास. त्यावरून 'कोनोपेइओन' म्हणजे डासांची जाळी लावलेला पलंग. लॅटिनमध्ये त्याचं 'कोनोपेउम' झालं, तिथून फ्रेंचमध्ये शिरून इंग्रजीत 'कॅनपी' आला. (फ्रेंचांनी त्याच शब्दाचा आधी सोफा केला आणि मग पावाच्या तुकड्यावर काहीतरी ठेवून खायचा 'कॅनपे' केला, पण ते राहू द्या.) म्हणजे जंगलाची कॅनपी मुळात मच्छरदाणी आहे! मच्छरदाणीचा सगळा अर्थच तिच्या भोकांत असतो. डास अडतो, वारा आत येतो. 'छत' म्हटलं की आजच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे स्लॅब येतो, आणि स्लॅबमधून किरण खाली न्यायचा तर 'आरपार' म्हणण्यावाचून गत्यंतर उरत नाही. पहिली चूक दुसरीला जन्म देते ती अशी.

'वितान' सुचवणारे आहेत. शब्द उत्तम. तन् म्हणजे ताणणे, त्यातूनच तंतू आणि विणकराचा ताणा, आणि लांबच्या नात्याने इंग्रजांचा 'टेंट'ही. मात्र जंगलाच्या शेंड्यांना वितान म्हणणाऱ्यांनी एक गंमत ध्यानात घ्यावी. लायडरच्या कामात कापड खरोखर ताणलं जातं, पण शेंड्यांवर नाही. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतीत सगळा बिंदुमेघ, म्हणजे परतलेल्या झोतांवरून मोजलेल्या बिंदूंचा ढग, उलटा करतात आणि त्यावर संगणकात एक आभासी कापड सोडतात. उलटं केल्यावर जमीन वर येते, झाडं खाली लोंबतात. कापड जिथे टेकतं ते बिंदू जमिनीचे. कापड फार मऊ ठेवलं तर ते झुडपांच्या खाचांत शिरतं आणि झुडूप जमीन ठरतं. फार ताठ ठेवलं तर कड्याच्या धारेवर ते वळत नाही आणि खरी जमीनच गाळली जाते. सह्याद्रीत दुसरी चूक नेहमीची. तेव्हा वितान जमिनीला द्या, शेंड्यांना 'पर्णछत्र' पुरे.

आता किरण खाली पोचतो त्याला काय म्हणायचं? मराठीत शब्द तयार बसला आहे: कवडसा. कौलांच्या फटीतून उतरून सारवलेल्या जमिनीवर पडतो तो. कवडसा छपराच्या आरपार आला असं कुठलीही आजी म्हणणार नाही.

या शब्दाचं मूळ काही जण 'कवाड'मध्ये शोधतात. पटत नाही. कवाडातून येतो तो उजेडाचा पट्टा, लांबोडका आणि कोनांचा. कवडसा गोल असतो, आणि भोक चौकोनी असलं तरी गोलच पडतो, कारण ते सूर्याचं बिंब असतं. सूर्य आकाशात साधारण अर्ध्या अंशाचा दिसतो, म्हणून 10 मीटर उंचीवरच्या बारीक भोकातून आलेला कवडसा जमिनीवर साधारण 9 सेंटीमीटरचा होतो. ऊन तिरपं असलं की तो लंबगोल होतो: पांढरा, चकचकीत, लंबगोल. म्हणजे कवडी! कवडीसा तो कवडसा, जसा लहानसा, गोडसा. हा माझा तर्क आहे, पण कवाडवाल्यांना शेवटच्या 'सा'चा हिशेब लावता येत नाही, मला येतो.

लेझरचा कवडसा सूर्याच्या मानाने फार काटेकोर. किरण साधारण 0.3 ते 0.5 मिलिरेडियनने पसरतो, म्हणजे 1000 मीटर उंचीवरून सोडला तर शेंड्यावर 30 ते 50 सेंटीमीटरचा ठिपका. पानापेक्षा हा ठिपका मोठा आहे, आणि 'आरपार'चा भ्रम इथूनच निघतो. ठिपक्याचा एक भाग वरच्या पानावर अडतो, एक मधल्या फांदीवर, उरलेला जमिनीवर. एकाच झोताचे तीन-चार पडसाद येतात. ('रिटर्न'चं 'परतावा' करणाऱ्यांना विनंती: तो प्राप्तिकराचा असतो. पडसाद म्हणा, त्या क्षेत्रातले लोकही 'एको' म्हणतातच.) प्रकाश एका नॅनोसेकंदात 30 सेंटीमीटर जातो, जाऊन येण्याचे धरले तर 15. झोत 4 नॅनोसेकंदांचा असेल तर 60 सेंटीमीटरपेक्षा जवळचे दोन पडसाद एकमेकांत मिसळतात. म्हणून गुडघ्याएवढं गवत आणि त्याखालची जमीन या यंत्राला वेगवेगळी सहसा दिसत नाही.

किती कवडसे पोचतील याचा अंदाज बांधता येतो. जमिनीच्या एका चौरस मीटरवर पानांचे किती थर आहेत तो पर्णांक. पर्णांक 4 असेल तर सरळ खाली सोडलेल्या झोतांपैकी साधारण 13 टक्के जमिनीपर्यंत उतरतात, 6 असेल तर 5 टक्के. फिनलंडने देशभर मोजणीची पहिली फेरी केली ती चौरस मीटरला अर्ध्या बिंदूच्या घनतेने. 2020 पासून ती 5 बिंदूंवर नेली. तिथल्या विरळ सूचिपर्णी जंगलात अर्धा बिंदू भागून गेला. 6 पर्णांकाच्या सदाहरित रानात तीच घनता वापरली तर जमिनीचा एक बिंदू 40 चौरस मीटरांमागे मिळेल. त्यावरून ओढा तरी सापडेल का? शिवाय झोत 30 अंश तिरपा गेला की पानांतली वाट 15 टक्क्यांनी लांबते आणि कवडसे आणखी घटतात. म्हणून जंगलासाठी दोन्ही बाजूंना 15-20 अंशांपलीकडचे झोत न घेतलेले बरे.

आपल्याकडे जमिनीचा बिंदू चैन नाही, मुख्य काम आहे. जून 2021 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने दहा राज्यांतल्या वनक्षेत्रांच्या लायडर सर्वेक्षणाचे अहवाल प्रसिद्ध केले, त्यात महाराष्ट्र आणि गोवा होते. हेतू जंगलातच पाणी आणि चारा वाढवण्याचा होता. बंधारा कुठे घालायचा हे पर्णछत्र सांगत नाही, खालचा उतार सांगतो. अशा कामाला सागाच्या रानात निष्पर्ण उन्हाळ्यात उडावं. झाडोरा मोजायचा असेल तर पावसाळा सरल्यावर, पानं असताना. दोन्ही एकाच उड्डाणात साधायला गेलं की दोन्ही अर्धवट राहतात.

कारवीच्या झुडपाचं वेगळंच. पावसाळ्यानंतर लगेच, ती हिरवीगार आणि पुरुषभर असताना उडलात तर शेवटचा पडसाद कारवीच्या पानांवरून येतो. तीच जमीन समजली जाते आणि वरचं झाड तेवढं बुटकं ठरतं. आठ वर्षांनी कारवी फुलून वठली आणि मग पुन्हा मोजलं, तर जमीन 'खचते' आणि झाडं एकदम दोन मीटर 'वाढतात'. उपाय साधा: दोन्ही मोजण्यांना एकच, दोहोंतली चांगली जमीन लावायची. उतारावरची चूक उलट दिशेची. 45 अंशांच्या उतारावर पर्णसंभाराची कड बुंध्यापासून 4 मीटर दरीकडे झुकली असेल, तर त्या कडेखालची जमीन 4 मीटर खोल आहे, म्हणजे कडेची उंची 4 मीटरने फुगते.

बुंधा मात्र वरून दिसत नाही. त्याचा घेर छातीच्या उंचीवर, भारतात 1.37 मीटरवर, नमुन्यादाखल निवडलेल्या भूखंडांत टेप लावूनच घ्यावा लागतो आणि मग त्या भूखंडांशी वरचे बिंदू जुळवायचे. फिनलंडमध्ये 9 मीटर त्रिज्येचे गोल भूखंड आणि नकाशासाठी 16 मीटर बाजूची चौरस घरं वापरतात. क्षेत्रफळं जवळजवळ सारखी, आणि ती तशीच हवीत. झाडीत साधं जीपीएस 5 मीटर सरकलं तर अशा भूखंडाचा तिसरा हिस्सा भलत्याच झाडांवर जातो.

राहिलं 'छत-उंची प्रतिमान'. 'पर्णछत्राच्या उंचीचा पट' म्हणा: वरच्या पृष्ठभागातून जमीन वजा केलेला पट. त्यात झाडाच्या मधोमध काळे खळगे दिसतात. तिथे झोत फटीतून खोल उतरून पहिलाच पडसाद खालून आलेला असतो. शेंडे मोजण्याआधी हे खळगे बुजवावेत, नाहीतर एका झाडाची तीन होतात. पण पर्णछत्राची घनता काढताना बुजवलेला पट वापरू नये, मूळ बिंदूच घ्यावेत. 70 टक्क्यांच्या वर अतिघन, 40 ते 70 मध्यम, 10 ते 40 विरळ, ही भारतीय वन सर्वेक्षणाची विभागणी शेवटी कवडसे मोजूनच पडताळता येते.