घशात कफ अडकलाय पण निघतच नाही

प्रश्न: चार महिने झाले, घशात काहीतरी चिकटून बसल्यासारखं वाटतं. दिवसभर खाकरत असतो, ऑफिसात लोक वळून बघायला लागलेत. निघतो काय तर जरासा पांढरा चिकट कफ, की पाच मिनिटांत परत तेच. छातीचा एक्स-रे नॉर्मल, अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, फरक शून्य. जळजळ, आंबट ढेकर काही नाही म्हणजे अ‍ॅसिडिटी नसणार. दूधही बंद केलंय. अजून काय करू?

उत्तर: सगळ्यात आधी ते खाकरणं कमी करा. खरंच सांगतोय. प्रत्येक वेळी खाकरताना स्वरतंतू एकमेकांवर जोरात आपटतात, तिथे सूज येते, मग ती जागा वाचवायला शरीर अजून चिकट द्रव सोडतं आणि तुम्ही परत खाकरता... खाजवून खाज वाढवल्यासारखंच आहे हे. उबळ आली की पाण्याचा छोटा घोट घ्या, पाणी नसेल तर नुसता आवंढा गिळा. पहिले काही दिवस जड जातं.

दुसरं म्हणजे हा कफ बहुतेक छातीतला नाहीच. नाक आणि सायनस मिळून दिवसाला साधारण १ लिटर पातळ द्रव तयार करतात, तो आपण नकळत गिळून टाकतो, पण तो घट्ट झाला किंवा घसा हुळहुळा झाला की तोच जाणवायला लागतो. शिंका, नाक चोंदणं, आडवं झालं की मागून घशात काहीतरी उतरतंय असं वाटणं, असं असेल तर नाकाकडे बघा. मिठाच्या पाण्याने नाक धुवा, पण पाणी उकळून गार केलेलंच हवं, थेट नळाचं नको. अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टर स्टिरॉइडचा स्प्रे देतात, तो २ आठवडे रोज मारल्याशिवाय गुण कळत नाही आणि लोक चौथ्या दिवशी सोडून देतात. नाक झटक्यात मोकळं करणारे थेंब मात्र ५-७ दिवसांच्या वर नकोत, उलट नाक जास्त चोंदतं.

आणि जळजळ नाही म्हणून अ‍ॅसिडिटी नाही, हे काही खरं नाही हं. पोटातलं थोडंसं जरी घशापर्यंत आलं तरी तिथलं नाजूक अस्तर दुखावतं, छातीत काही न जाणवता. सकाळी आवाज बसलेला, जेवणानंतर खाकरणं जास्त, घशात गोळा, असं होतंय का बघा. होत असेल तर जेवण आणि झोप यात ३ तास ठेवा, पलंगाची डोक्याकडची बाजू १५-२० सेंटीमीटर उचला (नुसत्या उशा रचून पोट दुमडतं), सिगारेट असेल तर ती सोडाच.

दुधाने कफ वाढत नाही, फक्त लाळेत मिसळून घसा जाड झाल्यासारखा वाटतो, चालत असेल तर प्या. अँटिबायोटिकचा तिसरा कोर्स मात्र नको.

आता चार महिने झालेच आहेत तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना एकदा दाखवा, दुर्बिणीने घसा बघायला काही मिनिटं लागतात. कफात रक्त, गिळायला त्रास, ३ आठवड्यांहून जास्त बसलेला आवाज, मानेत गाठ, एकाच कानात दुखणं, वजन उतरणं, यातलं काहीही असेल तर थांबूच नका. जाताना चालू गोळ्यांची यादी न्या, कारण रामिप्रिल, एनालाप्रिल अशा बीपीच्या गोळ्यांनी महिनोनमहिने घसा खवखवतो, कोरडा खोकला येतो, आणि हे सांगायचंच राहून जातं. पण गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, डॉक्टर बदलून देतील.