पक्षी हातावर घेण्याआधी

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. बाजदारी, म्हणजे शिकारी पक्षी पाळून त्यांच्यासोबत शिकार करण्याची कला, शिकायची आहे, तर पहिला पक्षी कोणता घ्यावा, एवढाच तुझा प्रश्न आहे. त्याचं उत्तर देतो, पण थोडं पुढे. आधी एक गोष्ट सांगायला हवी, कारण या छंदातलं बाकी सगळं तिच्यातूनच निघतं.

शिकारी पक्ष्याला माणसाचा लळा लागत नाही. कुत्रा मुळात टोळीनं राहणारा, म्हणून धन्याच्या शाब्बासकीनं तो खुलतो. ससाणा किंवा गॉसहॉक (एक ताकदवान बाज) आयुष्याचा मोठा भाग एकट्यानं काढतो. कुणाची मर्जी सांभाळणं त्याच्या स्वभावातच नाही. मोकळा सोडलेला पक्षी हातावर परत येतो तो दोनच कारणांनी: इथे खात्रीनं खायला मिळतं, आणि या माणसाकडून आपल्याला कधी इजा झालेली नाही. या दोन्ही गोष्टी त्याला रोज नव्यानं पटवून द्याव्या लागतात. त्याच्यावर रागावून काही साधत नाही, ओरडून नाही, दोरी हिसकून तर मुळीच नाही. शिक्षेचा संबंध तो आपल्या वागण्याशी जोडत नाही, तुझ्याशी जोडतो, आणि मग ते सहजासहजी विसरत नाही. ज्याला पटकन राग येतो त्यानं या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि ज्याला जबरदस्ती न करता दुसऱ्या जीवाचा विश्वास मिळवण्यात आनंद वाटतो, त्याला यासारखं दुसरं सुख नाही, हेही तितक्याच खात्रीनं सांगतो.

म्हणून पक्षी घेण्याआधी एक अख्खा हंगाम एखाद्या जाणत्या बाजदाराच्या मागे फिर. झुडपं झोडपून सावज उठवायचं काम कर. पक्षीघर धू. पक्ष्याचं खाणं काप. त्याला उंदीर, लावे, कोंबडीची एक दिवसाची पिल्लं अशी अख्खी जनावरं लागतात, केस-पिसं-हाडांसकट, आणि ती घरच्या फ्रीझरमध्ये साठवावी लागतात. हे सगळं हाताळताना किळस येत असेल तर ते आत्ताच कळलेलं बरं. शिकार डोळ्यांदेखत मरते, कधी लगेच, कधी नाही. आणि लगेच मेली नाही तर ती झटपट संपवणं हे बाजदाराचं काम असतं. हे बघून ज्याला रात्री झोप लागणार नाही, त्यानं दुर्बीण घेऊन पक्षी बघावेत. त्यात काहीही कमीपणा नाही.

याच काळात गाठ शिकून घे. पक्षी डाव्या हातमोज्यावर बसलेला असतो, तेव्हा त्याच्या पायातल्या पट्ट्यांना जोडलेली दोरी बसायच्या मेढीला बांधायला फक्त उजवा हात उरतो. गाठ अशी हवी की पक्ष्यानं कितीही ओढली तरी घट्टच व्हावी, आणि तुला हवी तेव्हा एका ओढीत सुटावी. डोळे मिटून, पाठीमागे हात नेऊन, हिवाळ्यातल्या बधिर बोटांनीसुद्धा ती जमली पाहिजे. गाठ सुटून दोरीसकट पळालेला पक्षी झाडाच्या फांदीत अडकतो आणि उलटा लटकून मरतो. या छंदातले बरेच मृत्यू असेच क्षुल्लक कारणांनी होतात.

आता वजनाबद्दल, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. पक्षी उपाशी ठेवला की तो ऐकतो, असा एक समज आहे. तो जितका जुना तितकाच घातक. खरी गोष्ट अशी की प्रत्येक पक्ष्याचं एक उडायचं वजन असतं. त्याहून वर असेल तर त्याला तुझी गरजच नसते. तो झाडावर निवांत बसून राहील. त्याहून खाली गेला तर आधी तो फार उत्सुक दिसतो, शिट्टी ऐकताच झेपावतो, आणि नवख्याला वाटतं, वा, काय तयार झालाय! प्रत्यक्षात तो स्वतःचे स्नायू जाळत असतो. पुढची पायरी म्हणजे अशक्तपणा, आणि तिथून तो परत आणणं अनेकदा जमत नाही. या दोन टोकांच्या मधला पट्टा मोठ्या पक्ष्यात बऱ्यापैकी रुंद असतो, लहान पक्ष्यात फारच अरुंद. ११० ग्रॅमच्या केस्ट्रेलनं (हा छोटा ससाणा) ५ ग्रॅम गमावणं म्हणजे १,१०० ग्रॅमच्या रेड-टेल्ड हॉकनं (हा तांबूस शेपटीचा मोठा पक्षी) ५० ग्रॅम गमावण्यासारखं आहे. थंडीच्या एका रात्रीत केस्ट्रेलचे तेवढे ग्रॅम जाऊ शकतात.

तेव्हा ग्रॅमपर्यंत अचूक वजन दाखवणारा काटा ही तुझी पहिली खरेदी. हातमोज्याच्याही आधी. रोज ठरलेल्या वेळी, खायला देण्यापूर्वी वजन कर आणि वहीत लिही: वजन किती, काल काय आणि किती ग्रॅम खाल्लं, हवा कशी होती, किती अंतरावरून किती वेळात हातावर आला. महिनाभरात ती वही तुझ्याशी बोलायला लागेल. पण नुसत्या आकड्यावर विसंबू नकोस. बोटांनी छातीच्या मधल्या हाडाच्या दोन्ही बाजू चाचपून बघ: मांस गोलसर भरलेलं लागतं, की हाडाची धार बोटाला टोचते? उडून उडून स्नायू भरले की उडायचं वजनही वाढतं. गेल्या महिन्याचा आकडा आज लागू होईलच असं नाही. चांगला बाजदार नेहमी हे शोधत असतो की आपला पक्षी जास्तीत जास्त किती वजनावर मनापासून काम करतो. कमीत कमी किती, हा प्रश्नच चुकीचा आहे.

नवा पक्षी घरी आला की पहिले दिवस फक्त ओळखीचे. मंद उजेडाच्या खोलीत त्याला हातावर घेऊन बस, बोटांत मांसाचा तुकडा धर आणि काहीही करू नकोस. तो आधी अंगाची पिसं घट्ट आवळून, चोच उघडी ठेवून बसेल. मध्येच हातावरून झेप घेईल आणि पायातल्या पट्ट्यांना उलटा लोंबकळेल. न दचकता दुसऱ्या हाताचा आधार पाठीला देऊन त्याला अलगद वर बसव. पुन्हा झेप घेईल, पुन्हा बसव. डोळ्यांत डोळे घालून बघू नकोस. रोखून बघणारा चेहरा त्याच्या लेखी शत्रूचा. मग कधीतरी तो मान खाली घालून तुझ्या हातातला एक लचका तोडतो. त्यानंतर केव्हातरी सगळी पिसं फुलवून अंग झाडतो, एक पाय पोटाशी घेतो. भीती वाटत असताना पक्षी असं करत नाही. इथून पुढे कामाला वेग येतो: हातावर एक पाऊल, मग उडी, मग लांब दोरीवर उड्डाण, दर दिवशी थोडं जास्त अंतर. दोरीच्या टोकापासून तो न रेंगाळता, पुनःपुन्हा येऊ लागला की एक दिवस दोरी काढायची.

त्या दिवशी पायात घुंगरू आणि अंगावर ट्रान्समीटर असलाच पाहिजे. हल्ली जीपीएसचे इतके हलके ट्रान्समीटर मिळतात की फोनच्या नकाशावर पक्षी दिसतो. ट्रान्समीटरवाचून पक्षी सोडणाऱ्याला मी हौशी म्हणत नाही, बेपर्वा म्हणतो. आणि मैदान निवडताना विजेचे खांब बघ. मोठ्या पंखांचा पक्षी खांबावर बसला आणि एकाच वेळी दोन ठिकाणी टेकला की विजेच्या धक्क्यानं जागेवर मरतो. हॅरिस हॉक (अमेरिकेतला एक शिकारी पक्षी) तर उंच जागा दिसली की बसतोच, त्यामुळे त्याला हा धोका फार.

आजारपण हे पक्षी शेवटपर्यंत लपवतात. म्हणून रोजची विष्ठा बघ. काळा भाग, पांढराशुभ्र भाग, असं ठीक. सतत हिरवी दिसली तर पोट रिकामं आहे किंवा काहीतरी बिघडलंय. आदल्या दिवशीचे केस-पिसं यांची गोळी पक्ष्यानं तोंडावाटे टाकली का ते बघ, आणि ती टाकल्याशिवाय पुढचं खाणं देऊ नकोस. तळपाय बघ, मेढीचं आवरण चुकीचं असेल तर तळव्याला सूज येते, तिचं गळू होतं आणि पक्षी जन्माचा जायबंदी होतो. पक्ष्यांवर उपचार करणारा पशुवैद्य पक्षी यायच्या आधी शोधून ठेव. नंतर शोधायला वेळ मिळत नाही.

एक कौशल्य मात्र मला फार आवडतं, तेवढं सांगतो. शेपटीचं किंवा पंखाचं पीस मोडलं तर पुढच्या पीसगळीपर्यंत ते नवं येत नाही, आणि मोडक्या पिसाच्या शेजारची पिसंही आधार गेल्यानं मोडू लागतात. मग गेल्या वर्षी गळलेलं त्याच जागेचं पीस शोधायचं, बरोबर मापानं कापायचं, बांबूची बारीक तासलेली काडी दोन्ही पोकळ देठांत घालून जोडायचं, दिशा जुळवायची, चिकटवायचं. काम नीट झालं तर सांधा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. गळलेली पिसं क्रमानं जपून ठेवण्याची सवय पहिल्याच वर्षी लाव.

कायद्याकडे डोळेझाक चालणार नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तिथले जंगली शिकारी पक्षी पकडणं, पाळणं आणि शिकार करणं बंद आहे. तिथे राहून हा छंद करता येणार नाही, आणि कुणी चोरून पक्षी देऊ केला तर त्या माणसापासून दूर राहा. अमेरिकेत लेखी परीक्षा, पक्षीघराची तपासणी आणि अनुभवी बाजदाराच्या हाताखाली किमान दोन वर्षांची उमेदवारी लागते. जर्मनीत शिकारीची परीक्षा आणि बाजदारीची वेगळी परीक्षा, दोन्ही द्याव्या लागतात. ब्रिटनमध्ये अशी सक्तीची परीक्षा नाही, पण म्हणून शिकण्याची गरज कमी होत नाही. उलट परीक्षा नाही तिथे स्वतःवर बंधन घालावं लागतं. तू जिथे राहशील तिथला नियम आधी वाच.

बंधनं का आहेत, हे मला मनापासून पटतं. विसाव्या शतकाच्या मध्यावर डीडीटी या कीटकनाशकामुळे बहिरी ससाण्याच्या (इंग्रजीत पेरेग्रीन) अंड्यांची कवचं इतकी पातळ झाली की उबवताना ती फुटत. अमेरिकेच्या पूर्व भागातून हा पक्षी प्रजननापुरता नाहीसाच झाला. तेव्हा त्याची बंदिस्त पैदास करायचं ज्ञान आणि धीर बऱ्याच अंशी बाजदारांकडे होता. टॉम केड हे स्वतः बाजदार असलेले पक्षिशास्त्रज्ञ. त्यांनी १९७० मध्ये द पेरेग्रीन फंड सुरू केला. पिल्लांना उंच मनोऱ्यावर ठेवून, दुरून खाणं पुरवत हळूहळू स्वतंत्र करायची पद्धत बाजदारीतलीच जुनी. तीच वापरून हजारो ससाणे रानात सोडले गेले. १९७२ मध्ये डीडीटीवर तिथे बंदी आली आणि १९९९ मध्ये हा पक्षी धोक्यातल्या प्रजातींच्या यादीतून बाहेर पडला. युनेस्कोनं २०१० मध्ये बाजदारीला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिलं, त्याचा मला आनंद आहे; पण बाजदारांनी अभिमान बाळगावा असं खरं काम मला हेच वाटतं.

आता तुझा प्रश्न. बहिरी ससाणा नको. ताशी ३०० किलोमीटरच्या वर जाणारा, उंचावरून खाली मारलेला त्याचा सूर बघून तुला भुरळ पडली आहे हे मला दिसतंय, पण त्याला मैलोन्मैल मोकळं रान लागतं आणि तो चुकला तर तासाभरात कुठल्या कुठे गेलेला असतो. गॉसहॉक नको, तो इतका बिथरणारा पक्षी आहे की नवख्याच्या हाती दोघांचेही हाल होतात. केस्ट्रेल का नको, ते वजनाच्या हिशेबात आलंच. अगदी पिल्लू आणून हातानं वाढवायचा मोहही नको. असं पिल्लू माणसालाच आपल्या जातीचं समजतं, आणि नीट वाढवलं नाही तर मोठेपणी दिवसभर किंचाळतं, तोंडावर झेप घेतं.

मी सांगीन हॅरिस हॉक किंवा रेड-टेल्ड हॉक. हॅरिस हॉक हा शिकारी पक्ष्यांतला अपवाद: तो गटानं शिकार करतो, त्यामुळे माणसाला आणि कुत्र्याला जोडीदार म्हणून लवकर स्वीकारतो, आणि तुझ्या बऱ्याच चुका पोटात घालतो. मात्र कडाक्याची थंडी त्याला सोसत नाही. चांगला सांभाळला तर तो वीस वर्षं सहज जगतो, म्हणजे तुझं शिक्षण, नोकरी, लग्न, घर बदलणं, सगळ्यात तो तुझ्याबरोबर असणार. घरच्यांशी हे बोलून घे. अमेरिकेत शिकणारा असशील तर दुसरा मार्ग मला जास्त पसंत आहे: शरद ऋतूत पहिल्या वर्षाचा जंगली रेड-टेल्ड हॉक रीतसर पकडायचा, एक-दोन हिवाळे त्याच्याबरोबर शिकार करायची आणि वसंतात धष्टपुष्ट करून परत सोडायचा. रानात पहिल्याच वर्षात निम्म्याहून जास्त पिल्लं दगावतात. तुझ्याकडचं पाखरू तो कठीण काळ पार करून जाईल. शिवाय त्याला शिकार आधीपासून येत असते, त्यामुळे हंगामभर शिकवतो तोच.

उत्तर लिहिताना मला एवढं कळव: हिवाळ्यात, दिवस लहान असताना, आठवड्यातले किती दिवस तू उजेड असेपर्यंत मोकळा असशील? शिकारीचा हंगाम तोच असतो. फक्त शनिवार-रविवार असं उत्तर असेल तर पक्षी घ्यायचं सध्या थांबव, पण हंगामाला माझ्याबरोबर ये. जाड तळव्याचे बूट घाल आणि दीड मीटर दोरी घेऊन गाठीचा सराव आजपासून सुरू कर.

तुझा हितचिंतक