किंबर्लीची बोट परवडेल, सुपरमधला फ्लॅट नाही

ऑस्ट्रेलियात पंचवीस वर्षं राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव छापत नाही, आकडे छापतो. ताईंचं वय ६१. आठवड्यातून तीन दिवस नोकरी, हातात वर्षाला ३८ हजार डॉलर. यजमान ६३ वर्षांचे, येत्या जूनमध्ये निवृत्त होतील, तेव्हा लाँग सर्व्हिस लीव्हचे (दीर्घ नोकरीबद्दल साठलेल्या रजेचे) पंचवीसेक हजार मिळतील. घराचं कर्ज फिटलं आहे. बँकेत ७० हजार. सुपर (नोकरीत निवृत्तीसाठी साठणारा निधी) यजमानांचं ३ लाख ९० हजार, ताईंचं १ लाख ३० हजार. घरखर्च वर्षाला ६५ हजार.

दोघांना ब्रूम ते डार्विन असा वायव्य ऑस्ट्रेलियातल्या किंबर्लीच्या किनाऱ्याने दहा रात्रींचा प्रवास करायचा आहे. शंभरेक प्रवाशांची लहान बोट, तिकीट माणशी १६,५००. प्रवास दीड वर्षानंतरचा, पण सगळे पैसे आत्ता भरले तर दहा टक्के सूट. "पैसे बँकेतून काढू की सुपरमधून?" एवढाच ताईंचा प्रश्न.

पण त्याच पत्रात हेही आहे: "सुपरची तशी काळजी नाही. पुढच्या महिन्यात दोघांचं सुपर एसएमएसएफमध्ये नेऊन त्यातून ६ लाख ८० हजारांचा नवा फ्लॅट घेतोय. भाड्यातून दर दोन वर्षांनी असा प्रवास होईल, आणि पुढेमागे धाकटा तिथे राहील." एसएमएसएफ म्हणजे सभासदांनी स्वतःच चालवायचा खासगी सुपर फंड.

ताई, बोटीचं नंतर बघू. आधी हा फ्लॅट थांबवा.

हे तुम्हाला कोणी सुचवलं, तेही तुम्ही लिहिलंय. सुपरची तुलना करून देणाऱ्या वेबसाइटवर फोन नंबर भरला, दोन दिवसांत "मोफत सुपर तपासणी"साठी फोन आला, मग सेमिनार, मग फ्लॅटचं माहितीपत्रक. असे फोन करून लोकांना सुपर हलवायला लावणाऱ्यांबद्दल ॲसिक या सरकारी वित्त-नियामकाने जाहीर इशारे दिले आहेत. ज्याला फ्लॅट विकून कमिशन मिळणार आहे, तो तुमच्या निवृत्तीचा सल्लागार असू शकत नाही. मनीस्मार्ट या ॲसिकच्या वेबसाइटवर सल्लागारांची सरकारी नोंदवही आहे. त्या गृहस्थाचं नाव तिथे शोधा. नाव सापडलं, तर स्टेटमेंट ऑफ ॲडव्हाइस, म्हणजे सल्ल्याचं लेखी निवेदन, मागा आणि फ्लॅटच्या बिल्डरकडून त्याला किती पैसे मिळतात हे त्यात लिहून घ्या. नाव नसेल तर तुमचं सुपर कुठे न्यावं हे सांगण्याचा त्याला अधिकारच नाही.

आता ढोबळ हिशेब. फ्लॅटची ३० टक्के रक्कम फंडाने स्वतः भरायची, म्हणजे २ लाख ४ हजार. स्टॅम्प ड्यूटी, वकील, फंड उभारणी मिळून ४० हजार धरा. सुपरमधले २ लाख ४४ हजार पहिल्याच दिवशी जातील, उरतील २ लाख ७६ हजार. कर्ज ४ लाख ७६ हजारांचं. फंडाच्या नावावरचं कर्ज घरकर्जापेक्षा महाग असतं, व्याज सात टक्के धरू: वर्षाला ३३ हजार. भाडं आठवड्याला ६०० सांगितलंय. फ्लॅट दोन आठवडे रिकामा राहील असं धरलं तर ३० हजार. त्यातून एजंट, बॉडी कॉर्पोरेट (इमारतीचा मेंटेनन्स), काउन्सिलचे रेट्स (पालिकेचा कर), विमा, दुरुस्ती यांचे ९ हजार जातील. एसएमएसएफला हिशेबनीस आणि दरवर्षी स्वतंत्र ऑडिट लागतंच, वर एटीओची, म्हणजे कर खात्याची, लेव्ही. त्याचे ४ हजार. म्हणजे भाडं घेऊनही वर्षाला १६ हजारांची तूट, आणि मुद्दलाची परतफेड धरली तर २३ हजारांची. ज्या भाड्यातून तुम्ही प्रवास करणार होता, ते व्याजालाही पुरत नाही.

यजमानांचा पगार थांबला की घरखर्चाला वर्षाला २७ हजार कमी पडतील, तेही याच २ लाख ७६ हजारांतून निघणार. त्या रकमेवर पाच टक्के, म्हणजे १४ हजार मिळाले तरी शिल्लक दरवर्षी ३५ हजारांहून जास्त घटेल. तुम्ही नोकरी सोडली की आणखी वेगाने. साधारण तुमच्या अडुसष्टाव्या वर्षी फंडातली रोकड संपते. ६७ व्या वर्षांनंतरची सरकारी एज पेन्शन मिळाली तर हे थोडं लांबेल, एवढंच. शिवाय निवृत्तीचं पेन्शन खातं सुरू केलं की दरवर्षी किमान रक्कम काढावीच लागते, ६५ वर्षांखाली ४ टक्के आणि ६५ ते ७४ मध्ये ५. ती टक्केवारी फ्लॅटच्या किमतीसकट मोजली जाते आणि द्यावी लागते रोख. फ्लॅटची एक खोली विकून ती देता येत नाही. अख्खा फ्लॅट विकावा लागतो, मग बाजार कसाही असो.

माहितीपत्रकातली "वर्षाला आठ टक्के वाढ" मी हिशेबात घेतलेलीच नाही. ती कोणी लिहून देत नाही, हमी तर नाहीच. आणि फ्लॅट अजून बांधायचा आहे. ताबा मिळेल तेव्हा बँकेने मूल्यांकन कमी केलं, तर फरक तुम्ही कुठून आणणार?

धाकट्याचं तर विसराच. एसएमएसएफच्या मालकीच्या राहत्या फ्लॅटमध्ये तुम्ही किंवा तुमचे नातेवाईक राहू शकत नाहीत, बाजारभावाने भाडं दिलं तरीही नाही. हा नियम मोडला तर दंड ट्रस्टींना, म्हणजे फंडाच्या विश्वस्तांना, होतो आणि ट्रस्टी तुम्ही दोघं. हे तुम्हाला त्या माणसाने सांगितलं नाही, याचा मला मनापासून राग येतो. ही त्याने सर्वांत आधी सांगायची गोष्ट होती.

आणखी दोन गोष्टी तुमच्या लक्षात आलेल्या दिसत नाहीत. सध्याच्या फंडात तुमचा मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वाचा विमा आहे. खातं बंद केलं की तो जातो, आणि ६१ व्या वर्षी नवा घेणं महाग पडतं, तब्येतीचे प्रश्न निघाले तर मिळतही नाही. दुसरं, नियमनाखालच्या मोठ्या फंडात चोरी किंवा फसवणूक झाली तर सरकारी मदतीची तरतूद आहे. एसएमएसएफला ती नाही.

करारावर सही झालेली नाही, फक्त ५,००० डॉलर "फ्लॅट राखून ठेवायला" दिलेत असं तुम्ही लिहिता. त्या माणसाशी ठरलेल्या गुरुवारच्या भेटीला जाऊ नका. "आम्ही पुढे जात नाही, पैसे परत करा, सुपर हलवण्याची संमती मागे घेत आहोत" असा ईमेल करा आणि त्याची प्रत तुमच्या सध्याच्या फंडालाही पाठवा. ते पैसे बुडालेच, तरी वाईट वाटून घेऊ नका. वर्षाच्या तुटीपुढे ती रक्कम लहान आहे.

त्याऐवजी जूनमध्ये एकच काम करा. यजमान साठीनंतर निवृत्त होत आहेत, म्हणून त्यांचं सुपर त्याच फंडात पेन्शन खात्यात वळवता येईल. आत्ता त्यांच्या खात्यातल्या कमाईवर १५ टक्क्यांपर्यंत कर लागतो, पेन्शन खात्यात तो शून्य होतो. ३ लाख ९० हजारांवर सहा टक्के धरले तर कमाई २३ हजार, म्हणजे वाचणारा कर वर्षाला तीन हजारांच्या आसपास. एक फॉर्म भरून मिळणारे हे पैसे आहेत. कोणाच्या सेमिनारची गरज नाही.

आता बोट. ३३ हजार तिकिटाचे, ४ हजार विमानाचे. फ्लॅट नसेल तर हे तुम्हाला आरामात परवडतं. सुपरला हात लावू नका. बँकेतले पैसे आणि लीव्हचे पैसे मिळून ९५ हजार होतात, त्यातून खर्च करा. तरी ५८ हजार हाताशी राहतील.

पण दहा टक्के सवलतीसाठी सगळे पैसे आत्ता भरू नका. सूट ३,३०० डॉलरची. डिपॉझिट देऊन बाकीचे पैसे बँकेत ठेवले तर सुमारे १,३०० व्याज मिळेल. म्हणजे खरा फायदा दोन हजारांचा, आणि त्यासाठी ३० हजार दीड वर्ष एका लहान कंपनीच्या खात्यात. या देशातला प्रवाशांचा भरपाई निधी २०१४ मध्येच बंद झाला, आणि कंपनी बुडाली तर अनेक प्रवास विमे हात वर करतात. शिवाय यजमानांचा गुडघा शस्त्रक्रियेच्या यादीत आहे. तारीख मध्येच आली तर? डिपॉझिट क्रेडिट कार्डाने भरा आणि त्याच महिन्यात कार्ड फेडा.

"२०२८ नंतर होरायझॉन्टल फॉल्स बंद" म्हणून घाई करू नका. हा या किनाऱ्यावर खडकांमधल्या अरुंद फटींतून भरती-ओहोटीचं पाणी घुसून होणारा आडवा धबधबा. बंद होणार आहे ते त्या अरुंद फटींमधून बोटी नेणं. ते त्या भूमीच्या मूळ मालकांनी, डंबीमंगारी लोकांनी, मागितलेलं आहे. त्यांच्यासाठी ती जागा पवित्र आहे. धबधबा बाहेरून आणि आकाशातून दिसत राहील. तुमची बोट फटींमधून जाणार नसेल, तर ती चांगल्या लोकांची बोट समजा.

तारीख मे-जूनची घ्या. पावसाळा नुकताच सरलेला असतो, किंग जॉर्जचे जुळे धबधबे तेव्हा भरून कोसळतात. सप्टेंबरची तिकिटं स्वस्त मिळतील, पण तोवर पाणी ओसरलेलं असतं. या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक अकरा मीटरच्या पुढे जातो, म्हणून रोजचा कार्यक्रम समुद्र ठरवतो. उतरायचं रबरी बोटीतून, कधी गुडघाभर पाण्यात, मग खडकांवरून चालत. शस्त्रक्रिया झाल्यावर डॉक्टरांना हेच शब्द सांगून परवानगी घ्या.

विमा क्रूझसाठीचाच घ्या, आणि त्यात रुग्णाला हवाई मार्गाने हलवण्याचा खर्च आहे ना हे वाचून बघा. ऑस्ट्रेलियाच्याच पाण्यात असलात तरी जहाजावरच्या उपचारांना मेडिकेअर ही सरकारी आरोग्य योजना सहसा लागू होत नाही, आणि त्या किनाऱ्याच्या मोठ्या भागात रस्ताच नाही.

बुकिंगआधी कंपनीला एक प्रश्न नक्की विचारा: वुनांबल गांबेरा या तिथल्या मूळनिवासी लोकांच्या भूमीवर उतरण्यासाठी लागणारा ऊंगू व्हिजिटर पास तिकिटात धरलाय का, आणि चित्रगुहांपाशी त्यांच्यातलं कोणी सोबत असतं का? वान्जिनांची चित्रं हे त्यांचं जिवंत दैवत आहे, आणि ज्याची ती चित्रं आहेत त्याच्या तोंडून ऐकणं वेगळंच. वाचलेल्या करातले हजारभर डॉलर बाजूला ठेवा आणि डर्बीजवळच्या मोवान्जमच्या कलाकेंद्रातून एक चित्र घ्या. बोट तिथे थांबत नाही, म्हणून ब्रूमला दोन दिवस आधी पोचा. गाडीने अडीच तासांचा रस्ता आहे.