जुन्या जीपचं ग्रीसिंग घरी करता येईल का? आणि त्याच गनने वॅगनआरलाही?

तुमच्या वडिलांची जुनी सीजे-3बी खड्ड्यातून जाताना पाट्यांपाशी (लीफ स्प्रिंगपाशी) कुईं-कुईं करते, म्हणून तुम्ही ग्रीस गन घ्यायची म्हणताय. जीपला जरूर मारा. वॅगनआरला नको, त्याचं कारण पुढे सांगतो.

आमच्याकडे चिपळूणजवळच्या गावात अशीच जीप होती. दर पावसाळ्याआधी गॅरेजला नेऊन ग्रीसिंग करून आणायचो, तरी पुढच्या शॅकलचे, म्हणजे पाट्याचं टोक चॅसिसला (गाडीच्या सांगाड्याला) जोडणाऱ्या हलत्या कडीचे, आटे झिजून गेले. शॅकल काढला तेव्हा एका अंगाला ताजं हिरवं ग्रीस होतं, आणि ज्या अंगावर गाडीचा भार येतो ते अंग कोरडं, गंजून तांबडं. गाडी चाकांवर उभी असताना गन मारली की असंच होतं. वजनाने शॅकल बुशच्या (ज्यात तो फिरतो त्या नळीच्या) एका बाजूला घट्ट दाबलेला असतो. ग्रीस मोकळ्या फटीतून निघून जातं आणि जिथे हवं तिथे पोचतच नाही. बाहेरून मात्र सगळं छान माखलेलं दिसतं.

म्हणून आधी गाडी उचला. जॅक लावून चॅसिसखाली दोन्ही बाजूंना मजबूत स्टँड द्या आणि एक्सल खाली लोंबू द्या, म्हणजे पाट्यांवरचा भार जातो. जमिनीवर राहिलेल्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा. नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नका. विटा किंवा चिऱ्याचे तुकडेही नकोत. चिरा भाराखाली अचानक फुटतो, आधी काही कळत नाही.

मग खडू घ्या आणि सगळ्या निपल (ग्रीस आत घालायची बारीक तोंडं) शोधून खुणा करा. दोन्ही एक्सलच्या पाट्यांचे शॅकल आणि त्यांच्या दुसऱ्या टोकांच्या पिना, टाय रॉडची (पुढची चाकं वळवणाऱ्या दांड्यांची) टोकं, स्टिअरिंगचेच ड्रॅग लिंक आणि बेल क्रँक, प्रोपेलर शाफ्टचे (इंजिनाची ताकद एक्सलला नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस आणि त्यावरचा सरकता जोड. चिखलाच्या थराखाली एखादी तरी लपलेली सापडतेच. गन लावण्याआधी प्रत्येक निपल चिंधीने लख्ख पुसा, नाहीतर तोंडावरची वाळू तुम्हीच आत ढकलाल.

ग्रीस लिथियमचं, एनएलजीआय 2 नंबरचं (हा घट्टपणाचा नंबर), ईपी (जास्त दाब सोसणारं) लिहिलेलं घ्या. आधीचं कोणतं आहे ते माहीत नसेल तर जुनं पूर्ण बाहेर पडेपर्यंत मारा, कारण सगळी ग्रीस एकमेकांत मिसळत नाहीत. गन भरल्यावर आत हवा अडकते, तेव्हा स्वच्छ सलग धार येईपर्यंत आधी बाहेरच चार-सहा हात मारून घ्या.

किती मारायचं? हात मोजू नका, सांध्याच्या कडेला बघा. आधी काळं, मग चिखलाच्या रंगाचं, मग नवं ग्रीस दिसलं की थांबा. दोन्ही कडांनी यायला हवं. टाय रॉडच्या टोकांना रबर असेल तर ते जरासं फुगलं की पुरे, फाटेपर्यंत दाबू नका. प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला चार कप असतात, चारही कपांतून ग्रीस डोकावलं पाहिजे. एखाद्यातून विटेच्या भुकटीसारखी तांबडी पूड आली तर तो क्रॉस संपलाय, बदला. पुढच्या नकलमधलं (चाक वळतं त्या गोल सांध्यातलं) ग्रीस या निपलमधून जात नाही, ते प्लग काढून वेगळं भरावं लागतं.

निपल घेतच नसेल तर जोर करू नका. पान्याने काढा, रॉकेलमध्ये बुडवून आतली बारीक गोळी दाबून मोकळी होते का पाहा. नसेल होत तर तीच निपल घेऊन दुकानात जा, कारण आटे वेगवेगळे असतात. आणि गनच्या पाइपला चीर असेल तर ती वापरू नका. हातगनमध्येही शेकडो बारचा दाब तयार होतो. ग्रीसची बारीक धार कातडीत घुसली तर वर टाचणीएवढं भोक दिसतं, आत मात्र बोट गमावण्याइतकं नुकसान होऊ शकतं. तसं झालं तर दुखत नसलं तरी लगेच हॉस्पिटल गाठा.

पाट्यांवर जळकं ऑइल फवारायची जुनी पद्धत कोणी सुचवेल. मला ती अजिबात पटत नाही. ते रबरी बुश फुगवून मऊ करतं, ब्रेकपर्यंत उडतं आणि त्यावर धूळ बसून पॉलिशपेपरसारखं काम करतं. याच कारणासाठी काम झाल्यावर बाहेर आलेलं सगळं ग्रीस पुसून घ्या.

आता वॅगनआर. तिच्या बॉल जॉइंटला (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या सांध्याला) निपल नसते, कारखान्यातच ग्रीस भरून तो बंद केलेला असतो. रबर शाबूत असेल तर काही करायची गरज नाही. सुई टोचून ग्रीस भरायचे सल्ले मिळतील, पण त्याच भोकातून पहिल्या पावसाचं पाणी आत जातं. रबर फाटलं असेल तर आत माती गेलेली आहे, जॉइंट बदलायलाच हवा. नुसता आवाज येत असेल तर एकेका रबरी बुशवर साबणाचं पाणी मारून गाडी हाताने हलवा. ज्याच्यावर पाणी मारल्यावर आवाज थांबेल, तो बुश दोषी.

जीपच्या मूळ विलीज (अमेरिकी कंपनी) मॅन्युअलमध्ये दर 1000 मैलांना, म्हणजे साधारण 1600 किलोमीटरला, ग्रीसिंग सांगितलंय. तुमची गाडी कमी फिरत असली तरी पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा आणि वहाळातून पाणी तुडवून आलात की त्या आठवड्यात एकदा, असं ठेवा.

गाडी वर आहेच, तर पुढची चाकंही जमिनीपासून सुटू द्या आणि प्रत्येक चाक आधी वर-खाली, मग डावी-उजवीकडे धरून हलवून बघा. वर-खाली खेळ असेल तर किंग पिन (चाक ज्यावर वळतं ती खुंटी) किंवा व्हील बेअरिंग, डावी-उजवीकडे असेल तर टाय रॉड. असा खेळ ग्रीसने जाणार नाही, ते भाग बदलेपर्यंत जीप घाटात नेऊ नका.