पुढे आलेल्या माणसाला उद्या कोण भेटणार?

प्रिय बेटा,
प्रभू येशूच्या गोड नावात सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. शहरभराची सुवार्ता सभा घ्यायची आहे, पण आधी मैदान की आधी वक्ता यावर समिती अडली आहे. त्यात बाप्तिस्म्यावरून पाळकांमध्ये कुरबुर, म्हणून तू हबकला आहेस. दोन मोठ्या मंडळ्या, म्हणजे चर्च, तयार आहेत, त्यांनाच घेऊन उरकून टाकू का, असं विचारतोस. नाही. उरकायचं असेल तर करूच नकोस.

प्रवचनाच्या शेवटी येशूला स्वीकारण्याचं आवाहन झाल्यावर जो माणूस उठून पुढे येईल, त्याला उद्या कोण भेटणार? याचं उत्तर नावानिशी कागदावर आल्याशिवाय मैदानाची अनामत भरायची नाही.

अमेरिकन सुवार्तिक डी. एल. मूडी 1873 ते 1875 ब्रिटनमध्ये फिरले, हजारोंच्या सभा झाल्या. पण प्रवचन संपलं की ते वेगळ्या खोलीत जाऊन, बायबल उघडून एकेकाशी बोलत बसत. पुढच्या शतकातले अमेरिकन सुवार्तिक बिली ग्रॅहम यांनी 'नॅव्हिगेटर्स' संस्थेच्या डॉसन ट्रॉटमन यांची मदत मागितली तीही याचसाठी: समुपदेशक, म्हणजे पुढे आलेल्याशी बोलणारी माणसं, तयार करायला, पाठपुराव्याची घडी बसवायला. 1957 साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांच्या सभा 16 आठवडे चालल्या. लोक अजून त्या गर्दीचे फोटो दाखवतात. माझं मन मात्र ग्रॅहम यांच्या सभांतल्या त्या स्वयंसेवकांपाशी जातं, जे सभा आटोपल्यावर पुढे आलेल्यांची माहिती लिहिलेली कार्डं लावत बसायचे.

कार्डाला हलकं समजू नकोस. नाव, पत्ता, वय, कोणत्या मंडळीशी संबंध, निर्णय काय, समुपदेशक कोण. मंचासमोर दाटी असते, उजेड कमी असतो, समोरचा रडत असतो. अशात लिहिलेल्या फोन नंबरात नऊच आकडे निघतात, आणि तो माणूस कायमचा हरवतो. म्हणून तुझ्या समुपदेशकांना एक सवय लाव: नंबर लिहिला की त्याच माणसाला मोठ्याने वाचून दाखवायचा, मगच प्रार्थना करून निरोप घ्यायचा. सभा संपल्यावर बंद कपाटात गठ्ठ्याने पडलेली कार्डं मी पाहिली आहेत. गठ्ठ्याचा दोराही कोणी सोडला नव्हता.

आता पाळकांचं. भांडण बाप्तिस्म्यावरून दिसतं, पण पोटातली भीती वेगळी असते: आपली माणसं दुसरी मंडळी ओढून नेईल. बाप्तिस्म्याचा वाद तुझी समिती मिटवू शकणार नाही, तिने त्यात पडूही नये. भीती मात्र नियमाने मिटते. ज्याने मंडळीचं नाव सांगितलं त्याचं कार्ड त्याच मंडळीला, ज्याने सांगितलं नाही त्याचं घराजवळच्या मंडळीला. हे आधीच लेखी ठरव आणि सगळ्या पाळकांच्या सह्या घे. लहान मंडळीच्या पाळकाकडे स्वतः जा, बसून ऐक. मोठ्या मंडळ्या खुर्च्या देतील, पण एका विश्वासणाऱ्याच्या दारी चार आठवडे न चुकता जाणारा माणूस बहुधा लहान मंडळीतच सापडतो.

आणि येशूचा शिष्य अंद्रिया, इंग्रजीत अँड्र्यू, याला विसरू नकोस. त्याने आधी आपला भाऊ शिमोन शोधला आणि येशूकडे आणला. ग्रॅहम यांच्या सभांमध्ये 'ऑपरेशन अँड्र्यू' चालायचं ते यावरूनच: प्रत्येकाने ओळखीच्यांची नावं लिहायची, त्यांच्यासाठी प्रार्थना करायची, त्यांना सोबत घेऊन यायचं. जो असा कोणाच्या सोबतीने आला, त्याला उद्या कोण भेटणार हे विचारावंही लागत नाही. पोस्टर पाहून एकट्याने आलेल्याचं तसं नसतं.

उपस्थितीचा आकडा फुगवू नकोस. 1948 मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉडेस्टो इथे ग्रॅहम आणि त्यांच्या सोबत्यांनी जे ठरवलं त्यात हेही होतं, आणि स्थानिक मंडळ्यांना नावं ठेवायची नाहीत हेही.

मला लोक हट्टी म्हणतात. एकदा समुपदेशकांचे वर्ग अर्धेच झाले होते, म्हणून मी जाहीर झालेली तारीख पुढे ढकलायला लावली. समितीतला माझा जुना सोबती त्यावरून दुखावला, बोलेनासा झाला आणि तसाच प्रभूघरी गेला. त्याच्या दारी जायचं राहून गेलं याचं दुःख मला जन्मभर आहे. तारखेचं मात्र आजही तसंच करीन. अर्धवट शिकलेल्या माणसांच्या हाती मी कोणाचा जीव सोपवणार नव्हतो.

पुढच्या बैठकीत मैदानाचा विषयच काढू नकोस. एक वही घे. प्रत्येक मंडळीचं नाव, त्याखाली भेटीला जाणाऱ्या दोघांची नावं आणि फोन. 'आमची मंडळी बघेल' हे उत्तर चालणार नाही, नावं हवीत. ती पानं मला पाठव. वक्त्याचं नंतर बोलू.

तुझ्यासाठी प्रार्थना करणारा,
काका