वाचकांचे प्रश्न: सर्व्हरचं नाव बदललं, बॅकअप कुठे गेले?

प्रश्न: डेटाबेस सर्व्हर नव्या मशीनवर हलवला आणि मशीनला नवं नाव दिलं. डेटा तोच आहे, पण बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये जुने बॅकअप दिसेनात. उडाले का?

उडालेले नाहीत. पण घाईघाईत जुन्या नावाची एन्ट्री मात्र डिलीट करू नका, तिच्याबरोबर तिच्याखालच्या बॅकअपची नोंदही जाऊ शकते आणि मग खरंच अवघड होऊन बसेल. झालंय असं की सॉफ्टवेअरच्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे बॅकअपच्या नोंदवहीत, प्रत्येक बॅकअप क्लायंटच्या (ज्या मशीनचा बॅकअप घेतला तिच्या) नावाखाली लिहिलेला असतो, आणि ते नाव बहुतेक वेळा इन्स्टॉल करताना मशीनच्या होस्टनेमवरूनच (नेटवर्कवरच्या नावावरूनच) घेतलेलं असतं, म्हणजे आत डेटाबेस कोणता आहे याच्याशी कॅटलॉगला फारसं देणंघेणं नसतं, नाव नवं दिसलं की त्याच्या लेखी क्लायंटच नवा. म्हणून रिस्टोअरच्या स्क्रीनवर सोर्स म्हणून जुनं नाव निवडा आणि डेस्टिनेशन म्हणून नवं. नेटबॅकअप हे सॉफ्टवेअर असेल तर एका क्लायंटला दुसऱ्याचे बॅकअप वाचायला आधी परवानगी द्यावी लागते, ती नेटबॅकअपच्या मुख्य सर्व्हरवरच्या अल्टनेम्स फोल्डरमधून देतात, आणि ओरॅकलच्या आरमॅन या बॅकअप टूलमधून रिस्टोअर करताना एनबी_ओरा_क्लायंट या पॅरामीटरमध्ये जुनं नाव द्यायचं.

एसक्यूएल सर्व्हर असेल तर आणखी एक गोष्ट बघा. विंडोजचं नाव बदललं तरी @@सर्व्हरनेम हे आतलं फंक्शन जुनंच नाव सांगत राहतं, कारण ते इन्स्टन्सच्या (चालू एसक्यूएल सर्व्हरच्या) आत वेगळं साठवलेलं असतं, त्यामुळे एजंट (मशीनवर बसवलेला बॅकअपचा प्रोग्रॅम) एक नाव धरून बसतो आणि डेटाबेस दुसरंच सांगतो. स्टँडअलोन (क्लस्टरमध्ये नसलेल्या) इन्स्टन्सवर एसपी_ड्रॉपसर्व्हरने जुनं नाव काढा, एसपी_अ‍ॅडसर्व्हरने नवं नाव 'लोकल' म्हणून जोडा आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा. हे झाल्यावर नव्या नावाने एक फुल बॅकअप घ्या आणि तो दुसरीकडे रिस्टोअर करून बघा. जॉब हिरवा दिसला एवढ्यावर प्लीज थांबू नका.

प्रश्न: एकच सर्व्हर यादीत दोनदा दिसतो, एकदा नुसत्या नावाने, एकदा डोमेनसकट. चालेल का?

नाही, एकच ठेवा, कारण हिस्टरी दोन ठिकाणी तुटते आणि ऐन रिस्टोअरच्या वेळी अर्धे बॅकअप एकीकडे अर्धे दुसरीकडे शोधत बसावं लागतं. पूर्ण डोमेनसकटचं नाव ठेवलेलं बरं. डीएनएसमध्ये नावावरून आयपी आणि आयपीवरून नाव, दोन्ही बाजूंनी तपासा, उलट लुकअपमध्ये वेगळं नाव आलं की असा घोळ होऊ शकतो. होस्ट्स फाइलमध्ये कुणी जुनी ओळ ठेवलीय का तेही बघाच.

प्रश्न: दोन नोडचा क्लस्टर आहे. एजंट दोन्ही नोडवर टाकलाय. डेटाबेसचा बॅकअप कोणत्या नावाने घ्यायचा?

फेलओव्हर क्लस्टर असेल, म्हणजे एक नोड (क्लस्टरमधलं मशीन) बंद पडला की दुसरा काम उचलत असेल, तर व्हर्च्युअल म्हणजे क्लस्टरच्या सामाईक नावाने, नोडच्या नावाने कधीच नको. नोडच्या नावाने घेतला तर फेलओव्हर झाल्यावर जॉब रिकाम्या नोडवर जाऊन आपटतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे फुल बॅकअप एका नावाखाली आणि लॉगचे (बदलांच्या नोंदींचे) बॅकअप दुसऱ्या नावाखाली पडतात. नोडचा स्वतःचा बॅकअप, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम वगैरे, तो त्याच्या नावाने वेगळा घ्या.

एसक्यूएल सर्व्हरचा ऑलवेज ऑन अ‍ॅव्हेलेबिलिटी ग्रुप (एकाच डेटाबेसच्या अनेक सर्व्हरवरच्या प्रती, म्हणजे रेप्लिका) असेल तर प्रकरण जरा वेगळं आहे. तिथे लॉगची साखळी सगळ्या रेप्लिकांची मिळून एकच असते, पण बॅकअपची हिस्टरी ज्या रेप्लिकावर बॅकअप झाला तिच्याच एमएसडीबी या सिस्टिम डेटाबेसमध्ये राहते. म्हणजे एकाच रेप्लिकाच्या हिस्टरीवरून स्क्रिप्ट बनवली तर मधले लॉग सुटतील आणि रिस्टोअर तिथेच अडकेल. सगळ्या रेप्लिकांचे बॅकअप ग्रुपच्या नावाखाली एकाच ठिकाणी ठेवा.

प्रश्न: प्रॉडक्शनच्या पोस्टग्रेस व्हीएमचा (व्हर्च्युअल मशीनचा) क्लोन काढून टेस्टिंगला दिला. होस्टनेम लगेच बदललं. आता निर्धास्त?

अजिबात नाही, आणि हा प्रश्न आधी विचारलात ते फार बरं केलं. होस्टनेम बदललं तरी आतली कॉन्फिग फाइल प्रॉडक्शनचीच आहे. क्लोन सुरू झाल्या झाल्या त्याचा आर्काइव्ह कमांड स्वतःच्या वॉल फाइल (डेटाबेसमधल्या बदलांच्या नोंदी) प्रॉडक्शनच्याच आर्काइव्हमध्ये ढकलायला लागतो, आणि टाइमलाइन (बदलांच्या इतिहासाचा क्रमांक) तीच असल्यामुळे फाइलची नावंही तीच येतात. कमांड साधी कॉपीची असेल तर एकाची फाइल दुसऱ्यावर चढते आणि पॉइंट इन टाइम रिकव्हरी (हव्या त्या क्षणापर्यंत परत जाणं) गेली. पीजीबॅकरेस्ट हे बॅकअप टूल असेल तर तो होस्टनेमवर नाही तर स्टँझावर (त्या डेटाबेसच्या बॅकअप सेटिंगला दिलेल्या नावावर) चालतो आणि डेटाबेसचा सिस्टिम आयडेंटिफायर (ओळखक्रमांक) तपासतो, पण क्लोनचा आयडेंटिफायर हुबेहूब तोच असल्यामुळे ती तपासणी इथे कामाची नाही. त्याच नावाची पण वेगळी फाइल आली तर तो एरर देतो हे खरं, मात्र क्लोनची फाइल आधी पोचली असेल तर एरर बसतो तो प्रॉडक्शनला. म्हणून क्लोन नेटवर्कला जोडायच्या आधी, पोस्टग्रेस बंद असतानाच, आर्काइव्हिंग बंद करा.

मायएसक्यूएलच्या क्लोनमध्ये ऑटो डॉट सीएनएफ फाइल काढून टाका, पुढच्या स्टार्टला सर्व्हर यूयूआयडी (सर्व्हरचा ओळखक्रमांक) नवीन बनतो. ओरॅकलच्या फाइल जशाच्या तशा कॉपी केल्या असतील तर डीबीआयडी (डेटाबेसचा ओळखक्रमांक) तोच राहतो, तो एनआयडी युटिलिटीने बदला.

प्रश्न: डेटाबेसचा डंप कंटेनरमधून रेस्टिक या बॅकअप टूलने घेतो. जुने स्नॅपशॉट डिलीटच होत नाहीत, जागा भरत चाललीय.

कंटेनर दरवेळी नवा बनत असेल तर होस्टनेमही दरवेळी नवं येतं, आणि रेस्टिकचा फरगेट (जुने स्नॅपशॉट काढणारा कमांड) डीफॉल्टने होस्ट आणि पाथप्रमाणे गट पाडतो, त्यामुळे प्रत्येक गटात एकच स्नॅपशॉट आणि तो 'शेवटचा' म्हणून राखला जातो. बॅकअप घेताना --होस्ट देऊन एक ठरलेलं नाव द्या. आधीच साठलेल्यांसाठी फरगेटला ग्रुप-बायमध्ये फक्त पाथ द्या, पण आधी ड्राय-रन (काहीही न काढता नुसती चाचणी) करून काय काय जाणार ती यादी नीट वाचा, आणि रेपॉझिटरीत दुसऱ्या सर्व्हरचे त्याच पाथचे डंप असतील तर हे करू नका, तेही त्याच गटात येतील.